आक्काचं ताट आणि करमाडची ब्राह्मी

लोक संभाजीनगरला लेणी बघायला जातात. मी एका पालेभाजीसारख्या दिसणाऱ्या रोपासाठी गेलो आणि लेण्यांकडं न फिरकता परत आलो. साताऱ्यात आल्यावर जो भेटेल तो विचारतो, वेरूळ कसं वाटलं? मी छान म्हणून मोकळा होतो. आता काय घडलं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे दर चौकात खोटं बोलायला नको.

बरोबर आक्का होती. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती तेरा. मला न्हाऊ घालणं, शाळेत नेणं, चार फटके देणं, सगळं तिनंच केलं. पुढं तिचं लग्न झालं, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली. मी लग्न केलं नाही. का, ते विचारू नका. जमिनीच्या मोजणीत माझी सगळी नोकरी झाली आणि गेली वीस वर्षं आम्ही दोघंच एका घरात आहोत.

दोन वर्षांपूर्वी आक्कानं एका दुपारी तीनदा भात लावला. तिथून हे सुरू झालं. डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला, रोजची एक गोळी दिली आणि म्हणाले, हा आजार मागं फिरत नाही, त्याची चाल तेवढी जरा मंद करता येते. असं ऐकून गप्प बसणाऱ्यातला मी नव्हे. मी वर्तमानपत्रातली कात्रणं कापायला लागलो. हळदीतला अमुक घटक मेंदूला चांगला, अश्वगंधेतला तमुक घटक चांगला, ब्राह्मीवर कुठं कुठं संशोधन चाललंय. शेवटी काष्ठौषधीच्या दुकानातून ब्राह्मीची पूड आणली आणि रोज सकाळी काढा करून आक्काला देऊ लागलो. ती तोंड वाकडं करायची, पण प्यायची.

मार्गशीर्ष संपता संपता ती न्हाणीघरात दोनदा चक्कर येऊन पडली. नाडी फार मंद चालते, असं डॉक्टर म्हणाले. महिनाभर बघू, सुधारली नाही तर छातीच्या कातडीखाली एक छोटं यंत्र बसवावं लागेल. यंत्राची मला भीती नव्हती. भीती दवाखान्याची होती. मागं एकदा दोन रात्री तिला तिथं ठेवलं होतं, तर घरी आल्यावर चार दिवस तिला स्वतःचं नाव सांगता येईना. आता पुन्हा ठेवलं तर उरलंसुरलं जे आहे तेही जाणार, हे मला दिसत होतं. त्या महिन्याभरात तिच्यात काहीतरी सुधारणा घडवायची, असं मी मनाशी पक्कं केलं.

मोजणी खात्यातला माझा जुना सोबती साळवे संभाजीनगरला असतो. फोनवर त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "अरे, माझी पोरगी झाडपाल्याच्या औषधावरच काम करायलीय की. आन करमाडला माझ्या दोस्ताकडं ब्राह्मीचा वाफाच हाय. घेऊन ये आक्काला." आता बोला. बुडत्याला काडी हवी असते, मला तर अख्खा वाफा मिळत होता.

छावणी

प्रवासाचं काही सांगत नाही. सांगण्यासारखं एवढंच, की आक्काच्या चपला गाडीत राहिल्या. क्रांती चौकात पोचलो तेव्हा ती अनवाणी होती आणि अगदी मजेत होती. रिक्षावाल्यानं, "खाला, आराम से," म्हणत सख्ख्या मावशीला द्यावा तसा तिला हात देऊन बसवलं. ती त्याला म्हणाली, तुझी आई बरी आहे ना? तोही गडी म्हणाला, एकदम बरी. पुढं सगळा रस्ता दोघं त्या आईविषयी बोलत होते आणि मी पिशव्या धरून बसलो होतो.

साळवेचं घर छावणीत, बाजारापासून चार पावलांवर. दाराशी पोचायच्या आधी चपलांचं काम उरकावं म्हणून एका दुकानात शिरलो. आक्काच्या पायात नव्या चपला घातल्या, आणि बाहेर पडताना तिनं त्या पुन्हा काढून नीट कडेला ठेवल्या. म्हणाली, दुसऱ्याच्या आहेत. मी समजावलं, दुकानदारानं समजावलं. शेवटी दुकानदारानंच त्या दोन मिनिटं रस्त्याच्या मातीत घासल्या आणि म्हणाला, "मावशी, ह्या बगा तुमच्या जुन्या." मग तिनं निमूट घातल्या. अक्कल अशी असते. मला मेल्याला सुचली नसती.

साळवेची बायको गेल्याला बरीच वर्षं झाली. घरात तो आणि त्याची मुलगी प्रज्ञा. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांचं कपाट, आणि कपाटाच्या खणात नोकरीतली जुनी साखळी, आम्ही जमीन मोजायचो ती. साळवेनं स्वतःच्या हातानं स्वयंपाक केला होता. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की झाली आमटी. आमच्याकडं आमटी म्हटलं की डाळ आलीच. मी दोन वाट्या प्यालो आणि घामाघूम झालो. आक्कानं तीन प्यायल्या आणि प्रज्ञाकडं बघून साळवेला म्हणाली, सूनबाई चांगली मिळाली तुम्हाला. तो म्हणाला, व्हय, लई गुणाची हाय.

पहाटे उठून मी त्यांच्या गॅसवर काढा केला. चक्कर यायला लागल्यापासून मी त्याचं माप वाढवलं होतं. पूर्वी सकाळी एकदा चमचाभर पुडीचा करत होतो, आता सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घालत होतो. पूड आणि पातेली बरोबर आणली होती, म्हणजे कुणाला तसदी नको.

बाटल्यांची खोली

प्रज्ञा काम करते ती प्रयोगशाळा मला वाटली होती तशी निघाली नाही. मला वाटलं होतं, काचेच्या नळ्यांतून हिरवं पाणी फिरत असेल. होती एक लांबट खोली, दोन फ्रिज, आणि कपाटभर लहान लहान तपकिरी बाटल्या. प्रत्येक बाटलीत कुठल्या तरी झाडापाल्यातून वेगळा काढलेला एकेक घटक. कशात पांढरी भुकटी, कशात तळाशी नुसता पिवळा डाग.

तिनं मला सगळं नीट समजावलं. पोरगी शांत आहे, बापासारखी फटकळ नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो एका द्रव्यातून. या आजारात ते द्रव्य कमी पडतं. आक्काची गोळी ते द्रव्य वाढवत नाही, फक्त त्याचा नाश लांबवते. टाकीला पाणी कमी येत असलं की आपण गळती बुजवतो तसं. कितीतरी वनस्पतींमधले घटक थोड्याफार फरकानं हेच काम करू बघतात. या आजारावरचं एक औषध तर मुळात थंड मुलखात बर्फातून डोकं काढणाऱ्या पांढऱ्या फुलाच्या कांद्यात सापडलं, असंही तिनं सांगितलं.

ते ऐकून मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, मग यातली कुठली बाटली आक्काला द्यायची?

कुठलीच नाही, ती म्हणाली. काचेच्या बशीतल्या पेशींवर जे चालतं ते उंदरावर चालेलच असं नाही, आणि उंदरावर चाललं ते माणसावर चालेल याचा तर काहीच भरवसा नाही. कधी पोटातच जिरतं, मेंदूपर्यंत पोचत नाही. कधी पोचतं, पण दुसरीकडं कुठं इजा करतं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांब येऊन पोरीकडून नन्नाचा पाढा ऐकायचा म्हणजे काय. मी विचारलं, मग इतकी वर्षं तू इथं करतेस काय? ती हसली आणि म्हणाली, "बाटल्या नापास करते, काका. एखादी पास होईल म्हणून."

मग तिनं आक्काची चौकशी केली. गोळी कुठली, किती दिवसांपासून, आणखी काही औषध चालू आहे का. मी म्हटलं, नाही, एकच गोळी. आक्का खिडकीशी बसून फ्रिजचा आवाज ऐकत होती. मध्येच म्हणाली, दळण झालं का बघ. प्रज्ञा उठली, फ्रिजपर्यंत गेली आणि येऊन म्हणाली, थोडंच राहिलंय.

करमाड

तिसऱ्या दिवशी चौघं करमाडला निघालो. जालना रस्त्यानं शेंद्र्याचे कारखाने मागं पडले की जमीन पसरट होते, काळीभोर, मध्ये मध्ये मोसंबीच्या बागा. आमच्या साताऱ्याकडं नजर उचलली की डोंगर आडवा येतो. इथं नजर जाते ती जातच राहते. असल्या रानात मोजणी करायला काय मजा आली असती, असं मी साळवेला म्हणालो. तो म्हणाला, उन्हाळ्यात ये, मग सांग मजा.

साळवेचे दोस्त भाऊराव तात्या आणि त्यांच्या बायको गयाबाई यांची शेती विहिरीला लागून आहे. पौषातले दिवस, ज्वारी हुरड्यात आलेली. तात्यांनी बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटवून कणसं भाजायला टाकली होती. बरोबर शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. मी गरम कणीस हातात घेतलं आणि टाकून दिलं, बोटं भाजली. आक्कानं मात्र ते दोन तळव्यांत धरलं, चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवे दाणे माझ्या हातावर ठेवले. तिला मदत करायची कुणाला गरज पडली नाही. हात सगळं जाणत होते. मला इतकं बरं वाटलं, की वाटलं, काढा लागू पडतोय.

विहिरीच्या पाटाखाली, जिथं पाणी झिरपतं तिथं ब्राह्मीचा वाफा होता. जमिनीसरपट पसरलेली, जाडसर बारीक पानं, एखाददुसरं पांढुरकं फूल. मी खाली बसून पान चावलं. कडू. तात्या म्हणाले, पाहिजे तेवढी न्या, टोपलं भरून देतो. पण पाल्याचा कारभार गयाबाईंचा. त्यांच्या सासूबाई गावाला पाला द्यायच्या आणि त्यांचा एक नियम होता, तो गयाबाईंनी मोडलेला नाही. ज्याला पाला द्यायचा त्याचं दिवसभराचं खाणंपिणं आधी सगळं ऐकून घ्यायचं. गयाबाई विळा बाजूला ठेवून माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"आधी ताट सांगा, भाऊ. मंग पाला."

मी म्हटलं, ताट कशाला, आजार सांगतो की. तर म्हणाल्या, "आजार डागदरला सांगा. पाला पोटात जायचा. पोटात आधीच काय बसलंय ते नको का ठावं? सकाळी उठल्यापास्नं सांगा."

मी सांगायला लागलो. उठल्यावर कोमट पाणी. मग काढा. मग चहा, त्यात बुडवून दोन खारी. कसला काढा, गयाबाईंनी विचारलं. म्हटलं, ब्राह्मीचाच. किती? दोन चमचे पूड, सकाळी आणि संध्याकाळी. पूर्वी एकच होता, चक्कर यायला लागली म्हणून वाढवला. मी पुढं नाश्त्याचं सांगू लागलो, पण कुणी ऐकत नाही असं वाटलं म्हणून थांबलो. प्रज्ञा हातातलं कणीस खाली ठेवून माझ्याकडं बघत होती.

"काका, हे डॉक्टरांना माहीत आहे?"

"त्यांनी औषधांचं विचारलं होतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही म्हटलं. काढा म्हणजे काय औषध आहे?"

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. ज्याला औषध समजून मी आजारी बहिणीला घेऊन इतक्या लांब आलो होतो, त्यालाच दवाखान्यात मी औषध धरलं नव्हतं. कालही नाही. प्रज्ञानं तोंडावर विचारलं होतं, तेव्हाही एकच गोळी म्हणालो होतो, आणि त्यात लबाडी नव्हती, हे सांगून कुणाला पटेल? आमच्या घरात औषध म्हणजे गोळी, बाटली, इंजेक्शन. पाला, काढा, चाटण हे सगळं स्वयंपाकघरातलं. त्याचा हिशेब कुणी मागितला नाही आणि कुणी दिला नाही.

प्रज्ञा आक्काजवळ बसली. तिचं मनगट हातात घेऊन घड्याळाकडं बघत राहिली. मग सावकाश मला सांगितलं. गोळी जे काम करते तेच काम थोडंफार ब्राह्मीही करत असावी. ते द्रव्य नुसतं मेंदूत नसतं, हृदयालाही ते आवर घालतं. म्हणून या गोळीनं कधी कधी नाडी मंद होते. त्यावर रोज एवढा काढा पडला तर ती आणखी मंद झाली असू शकेल. "झालीच, असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण डॉक्टर यंत्राचं ठरवणार आहेत ना, मग त्यांना हे कळायलाच हवं. मी डॉक्टर नाही. तुम्ही आत्ता फोन करा."

माझी पाचावर धारण बसली. आक्का न्हाणीघरात पडली होती. कपाळाला टेंगूळ आलं होतं. मी तिला उठवून बसवलं होतं आणि घाईघाईनं पातेलीत आणखी एक चमचा पूड टाकली होती. माझ्याच हातानं. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावर उभा राहून, तुम्ही वीतभर सरकलात म्हणून लोकांना दटावलं, आणि स्वतःच्या घरात एवढी चूक मला दिसली नव्हती.

मोसंबीच्या झाडाखाली उभा राहून डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं, माप सांगितलं, दिवस सांगितले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, काढा आजपासून बंद, गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आज तिथंच कुणा डॉक्टरला नाडी दाखवा आणि मला कळवा. परत आल्या आल्या सगळं घेऊन या, पूडसुद्धा.

गयाबाईंनी टोपलं रिकामंच ठेवलं. पाला इथंच हाय, म्हणाल्या, पळून जात नाय. डागदर म्हणला तर मागवा. त्याऐवजी पिशवीभर मोसंबी दिली, आणि आक्काच्या कपाळाला कुंकू लावू का असं मला खुणेनं विचारलं. मी हो म्हटलं. विधवेला कुंकू लावायला आमच्या गल्लीत अजून कुणी धजत नाही. आक्कानं मान पुढं केली.

संध्याकाळी छावणीतल्या एका डॉक्टरांनी तपासलं. नाडी मंद होती, पण लगेच धोका नव्हता. एकदम उभं करू नका, एकटं सोडू नका, असं त्यांनी बजावलं. जेवताना साळवेनं माझ्या ताटात जास्तीची भाकरी टाकली. मी त्याला म्हटलं, मी माझ्या बहिणीला मारायला निघालो होतो रे. तो म्हणाला, "नाय मोरे. तू तिला वाचवायलाच निघाला व्हतास. रस्ता चुकला." मला रडू आलं. आक्का आमच्याकडं बघून म्हणाली, ठेचा तिखट झालाय का?

सातारा

डॉक्टरांनी पूड हातात घेऊन बघितली, वासही घेतला आणि आक्काच्या कागदांवर सगळं लिहून घेतलं. म्हणाले, तुमच्यासारखे रोज चार येतात, मीच यापुढं वेगळं विचारायला हवं. काढा थांबला, गोळीचं माप त्यांनी बदललं. काही आठवड्यांनी नाडी सुधारली. त्यानंतर चक्कर आलेली नाही. यंत्राचं सध्या नाव काढू नका, म्हणाले. सुधारणा काढा थांबवल्यानं झाली की गोळी बदलल्यानं, ते मात्र छातीठोक सांगत नाहीत. प्रज्ञाही सांगत नाही. फोन केला की एवढंच म्हणते, की ब्राह्मी नापास झालेली नाही, तिची परीक्षा अजून चालू आहे.

विस्मरण आहे तसंच आहे. खरं तर थोडं पुढं सरकलंय. आता काही दिवस मी तिला ओळखीचा वाटतो, काही दिवस नाही. ज्या दिवशी नाही, त्या दिवशी ती मला अहो-जाहो करते आणि फार अदबीनं वागते.

परवा सकाळी तसाच दिवस होता. चहा दिला तर कपाकडं बघून म्हणाली, आधी ते कडू असतं ना? मी तिच्यासमोर बसलो. हे एकदा तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. म्हटलं, ते बंद केलंय. त्यानंच बहुधा तुम्हाला चक्कर येत होती.

तिनं विचार केला. मग विचारलं, "कोण देत होतं?"

"तुमचा भाऊ."

"सदू?"

"हो. त्याच्या हातून चूक झाली."

तिनं कप खाली ठेवला, पदर सावरला आणि दाराकडं बघून, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून, हळूच म्हणाली, "त्याला रागावू नका हं. लहान आहे तो. आई नाही त्याला."

मी म्हटलं, नाही रागावत.